खाली मी, वर हे आणि गॅसवर दूध

माझा नवरा माझ्या अंगावर पडून अडकला, तेव्हा भर दुपार होती आणि घराला आतून कडी होती. (तुमच्या मनात जे आलं ते काढून टाका. आमच्या सासूबाईंच्याही मनात तेच आलं होतं आणि पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.)

सुरुवात झाली ती कुलकर्णी काकूंपासून. आमच्या चिखलीत, अगदी आमच्याच कॉलनीत, संध्याकाळी फिरायला गेलेल्या काकूंना एका चोरट्याने ढकलून पाडलं आणि गळ्यातलं ओढून नेलं. मंगळसूत्र खोटं होतं, त्यामुळे नुकसान झालं ते चोरट्याचंच. पण काकू सांगत होत्या, "ओढलं त्याचं काही नाही गं. पण मेला अंगावर गुडघा रोवून बसला ना, पोतं ठेवल्यासारखा! मला काही सुचेचना. ओरडायचंसुद्धा विसरले!"

हे ऐकून आमचं महिला मंडळ खवळलं. एरवी आमची मजल पाककृती स्पर्धेपर्यंत. या वेळी मात्र मंगल कार्यालयाचा हॉल घेतला, खाली गाद्या अंथरल्या आणि रुखसाना मॅडमना बोलावलं. रुखसाना मॅडम म्हणजे शाळेत खेळ शिकवणारी, अजून लग्न व्हायची असलेली मुलगी. अंगाने काडी, पण आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाची पोरं जागच्या जागी थांबतात.

"खाली पडल्यावर घाबरायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "सांस चालू ठेवायची. कोपरं अंगाशी घ्यायची, चेहरा सांभाळायचा. आणि अंगावरच्या माणसाला वर ढकलत बसायचं नाही. तो हलत नाही ना? मग आपण हलायचं!"

मग त्यांनी 'पूल' शिकवला. पाय दुमडून टाचा रोवायच्या आणि कंबर वर उचलायची. तेवढ्यावर आम्हाला धाप लागली. त्याच्या पुढचा प्रकार अवघड होता.

"आता कुशीवर व्हायचं, पायाने रेटा द्यायचा आणि कंबर मागे फेकायची. झिंग्यासारखं!"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"झिंगा म्हणजे काय हो?" कोणीतरी विचारलं.

"पाण्यात असतो तो. लोक खातात."

"आमच्यात नाही चालत," कुलकर्णी काकू तत्परतेने म्हणाल्या.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "बरं. कपाशीवरची बोंडअळी पाहिली का?"

"हाव!" सगळ्या एका सुरात.

"ती सरकते, तशा सरका."

आणि अख्खं महिला मंडळ गाद्यांवर वळवळायला लागलं! त्या वेळी एखादा शेतकरी दारातून डोकावला असता, तर फवारणीचा पंप आणायला पळाला असता.

शेवटचा नियम सुटकेचा. सराव करताना जास्त दाबलं गेलं, दुखलं, तर समोरच्याच्या अंगावर हाताने थाप मारायची, की त्याने लगेच सोडायचं. "लाजायचं नाही. बिनधास्त थाप मारायची," मॅडम म्हणाल्या. त्यावर मागून आमची शेजारीण नफीसा भाभी बोलली, "वो तो हमारे घर में मियाँ रोज मारता है!" झालं. त्या दिवशीचा वर्ग तिथेच संपला.

आता माझी हुशारी ऐका. माझ्या जोडीदार होत्या कुलकर्णी काकू. काकूंचं वजन घडी घातलेल्या नऊवारीएवढं. त्या माझ्यावर आडव्या पडल्या आणि मी एक पूल, एक बोंडअळी करून अशी सटकन बाहेर आले, की मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "शाबास, सुनंदाताई! मंडळाच्या रविवारच्या कार्यक्रमात सुटका तुम्हीच करून दाखवायची. पण त्याआधी घरी एखाद्या वजनदार माणसाबरोबर सराव करा हां."

वजनदार माणूस! तो शोधायला मला लांब जायला नको होतं. आमचे हे हायस्कुलात भूगोल शिकवतात. अक्षांश-रेखांश शिकवायचे असले तर ह्यांना वर्गात पृथ्वीगोल न्यावा लागत नाही. नुसतं बाजूने उभं राहिलं तरी भागतं.

शनिवारी दुपारी संधी मिळाली. सासूबाई समोर नफीसा भाभीकडे पापड लाटायला गेल्या. ह्यांनी रोडगे आणि वांग्याची भाजी असं भरभक्कम जेवण केलं होतं, म्हणजे वजन आणखीनच वाढलेलं. मी दूध बारीक गॅसवर ठेवलं, दाराला कडी लावली, (कोणी पाहिलं तर काय म्हणेल!) पुढच्या खोलीत गादी अंथरली, खिडकीतला कूलर फुल केला आणि ओढणी कमरेला बांधून उताणी पडले.

"या," मी म्हणाले.

हे दारात लुंगी सावरत उभे. "सुनंदा, हे बरं दिसतं का?"

"कोण बघतंय? या लवकर. तुम्ही चोर आहात. आडवे पडा माझ्यावर."

चोर गुडघ्यावर बसला, हळूच वाकला आणि दोन्ही कोपरं टेकवून माझ्यावर वीतभर अंतर ठेवून तरंगत राहिला. वर विचारतो, "लागत तर नाही ना?"

"अहो, चोर विचारतो का असं? नीट दाबा! आणि मंगळसूत्र मागा."

"मंगळसूत्र देता का जरा?"

"वर्गणी मागताय का? दरडावून मागा!"

"मंगळसूत्र काढ!" ह्यांनी शाळेतला आवाज लावला आणि त्याच आवेशात अंग सोडून दिलं.

बाप्पा! माझ्या छातीवर रोडग्यांसकट अख्खा भूगोल येऊन पडला. माझ्या तोंडून 'हुक्' असा एक आवाज निघाला आणि पुढे काही निघेना. मी पूल केला. पूल कसला, साधी मोरीसुद्धा झाली नाही. बोंडअळी केली, तर बोटभर सरकले आणि तिथेच रुतले. शेवटी लाज सोडून मी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. सोडा!

हे उठायला गेले. अर्धवट वर झाले. आणि 'कट्' असा आवाज आला.

घाबरले की ह्यांची शाळेतली मराठी सुटते आणि उंद्रीची सुरू होते. ह्यांचं गाव उंद्री. हे माझ्यावर परत धप्पकन आदळले आणि ओरडले, "अवो माय वो! मायी कंबर धरली! हालू नोको! बिलकुल हालू नोको!"

"मी कुठे हलतेय? तुम्ही उठा!"

"उठता येऊन नाही राह्यलं! चमक भरली!"

मी परत थाप मारली. जोरात मारली.

"मले काऊन मारून राह्यली? मलेच थाप मारायची हाय, पन मारू कोनाले?"

फोन खुर्चीवर. खुर्ची हाताच्या टप्प्याबाहेर. कूलर घरघरतोय. ह्यांचं नाक माझ्या कानाशी, आणि त्यातून गरम गरम उसासे. मला राग यावा की हसू यावं तेच कळेना. हसायला गेले तर माझं पोट हलायचं, ते हललं की ह्यांची कंबर हलायची आणि हे किंचाळायचे. म्हणजे हसायचीसुद्धा चोरी!

एवढ्यात दारावर थाप पडली.

"सुनंदे! वो सुनंदे!" सासूबाई! मला इतका आनंद लग्नानंतर त्यांचा आवाज ऐकून पहिल्यांदाच झाला असेल.

"आई!" मी होती नव्हती ती ताकद लावून ओरडले. "आई! आई गं!"

"हळू! हळू ना वो!" हे कळवळले.

दारावरची थाप थांबली. पावलं खिडकीकडे आली. खिडकीत कूलर, पण त्याच्या बाजूला पुठ्ठा लावलेली फट आहे. तो पुठ्ठा हलला. त्या फटीतून आमची डोकी दिसत नाहीत. फक्त पाय दिसतात. सासूबाईंना चार पाय दिसले आणि त्यातले दोन तर त्यांनीच जन्माला घातलेले.

पुठ्ठा चटकन जागेवर बसला.

"क्या हुआ अम्मा?" बाहेरून नफीसा भाभीचा आवाज.

"काही नाही वो," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "चाल, आपून पापडच लाटू. घडीभर इकडे कोनी येऊ नका."

"आई, जाऊ नका!" मी कोकलले. पण कूलरच्या घरघरीत ते बाहेर कसं ऐकू गेलं देव जाणे. पावलं मात्र आणखी भराभर दूर गेली.

"गेली काय बुडी?" ह्यांनी विचारलं.

"गेल्या. तुम्ही 'हळू हळू' म्हणालात, म्हणून गेल्या!"

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून 'चर्रर्र' असा आवाज आला. दूध! पाठोपाठ करपल्याचा वास. मग तो वास कमी झाला आणि दुसरा यायला लागला. गॅसचा. उतू गेलेल्या दुधाने ज्योत विझवली होती.

आता मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. घर बंद, खिडकीत कूलर, तो विजेवर चाललेला, आणि आम्ही दोघं गादीवर एकावर एक.

"अवो, वास येऊन राह्यला," हे बारीक आवाजात म्हणाले. "सुनंदा, तू मायी काळजी करू नोको. तू निघ."

"बोलू नका. दात आवळून धरा," मी म्हणाले.

डोळे मिटले. सांस चालू ठेवायची. त्याला हलवायचं नाही, आपण हलायचं. एक कोपर ह्यांच्या गळ्याशी घातलं, दुसरा हात कमरेशी टेकवला. (तिकडे "मेलो! मेलो!") पूल अगदी इवलासा केला, नालीवर फळी टाकतात तेवढाच. त्या वीतभर पोकळीत कुशीवर झाले. टाच रोवली. कंबर मागे. थोडी. आणखी थोडी. मध्ये गुडघा सारला. ओढणी खाली राहिली, ती राहू दिली. पुन्हा टाच, पुन्हा कंबर. कुठल्याही बोंडअळीने एवढ्या जिवावर उदार होऊन पान सोडलं नसेल!

आणि मी बाहेर आले. खरंच आले! हे गादीवर पालथे पडले आणि मी रांगतच स्वयंपाकघर गाठलं, गॅसचं बटण बंद केलं, मागची खिडकी सताड उघडली. मग धावत येऊन कडी काढली आणि पुढचं दार उघडलं.

बाहेर सासूबाई, नफीसा भाभी आणि पापड लाटणाऱ्या सगळ्या बाया उभ्या होत्या. करपल्याचा वास समोरच्या घरापर्यंत गेला होता. पण दार वाजवायची हिंमत कोणी करत नव्हतं, कारण सासूबाई दारात हात पसरून उभ्या होत्या. माझे केस सुटलेले, ओढणी गायब, घामाने निथळतेय. बायांनी एकदा मला पाहिलं आणि सगळ्या आपापल्या पायाच्या बोटांकडे बघायला लागल्या.

"अहो, तसं काही नाही!" मी धापा टाकत म्हणाले. "आम्ही स्वसंरक्षण करत होतो!"

"हाव, हाव," सासूबाई समजूतदारपणे म्हणाल्या. "जाऊ दे आता."

तेवढ्यात आतून आवाज आला, "सुनंदा! मले असं अर्ध्यात टाकून कुठी गेली वो?"

नफीसा भाभीने तोंडात ओढणी कोंबली. बाकीच्यांकडे कोंबायला काही नव्हतं. त्या खाली बसून हसल्या.

ह्यांना उचलायला सगळ्यांनाच हात लावावा लागला. सासूबाईंनी कंबर तेलाने रगडली आणि रगडता रगडता मला एवढंच म्हणाल्या, "एक सांगतो सुनंदे. पुढच्या बारीले दूध उतरवून ठेवत जाय." हे सोमवारी काठी घेऊन शाळेत गेले, तर पोरांमध्ये बातमी आधीच पोचली होती, की सरांना घरी बायकोने आपटलं. ह्यांनी ती खोडून काढली नाही. खरं काय घडलं ते सांगण्यापेक्षा तेच बरं, असं ह्यांचं मत पडलं.

पण रविवारचं सांगायचं राहिलंच. हॉल बायांनी खचाखच भरला होता. रुखसाना मॅडमनी माइकवर निरागसपणे विचारलं, "सुनंदाताई, घरी सराव केला का?" आणि पापडवाल्या सगळ्या रांगेचा बांध फुटला. मॅडमना काही कळेना. माझी कानशिलं तापली.

"चोर कौन बनेगा?" असं विचारल्यावर नफीसा भाभी उठली. भाभीही काही कमी नाही, चांगली भरल्या अंगाची. ती "बिस्मिल्ला" म्हणाली आणि माझ्यावर पडली. पण ज्या बाईने आमच्या ह्यांच्याखालून वाट काढली, तिला भाभी म्हणजे दुलई! कोपर, पूल, कूस, गुडघा, बोंडअळी, आणि भाभीला कळायच्या आत मी बाहेर! हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतून सासूबाई ओरडल्या, "सुटली वो, सुटली!" आयुष्यात माझ्यासाठी कोणी असं ओरडलं नव्हतं. मी गादीवर पडल्या पडल्या हात वर करून सगळ्यांना अभिवादन केलं.

"व्वा!" मॅडम म्हणाल्या. "आता झटकन उठायचं आणि पळायचं! उठा!"

मी उजवा गुडघा दुमडला. तो वाजला. डावा दुमडला. तो दुमडलाच नाही. हात टेकून पाहिलं, कुशीवर होऊन पाहिलं, रांगायची तयारी केली आणि परत बसले. टाळ्या संपल्या, तरी मी खालीच. शेवटी एका दंडाला सासूबाई आणि दुसऱ्या दंडाला खुद्द चोर, असं करून मला उभं केलं.

तेव्हा चिखलीतल्या तमाम चोरट्यांना माझा स्पष्ट इशारा आहे. तुम्ही कितीही दांडगे असा, मला पाडून दाबून धरा, मी तुमच्या हातावर तुरी देऊन सुटणार म्हणजे सुटणारच. फक्त त्यानंतर लगेच निघून जाऊ नका. उठायला जरा हात द्या!