छत्तीस इंचांचा ओटा

माझ्या बायकोच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं सरळ होत नाहीत. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी गुळगुळीत, चकाकती आहे, तिच्यावर लव उगवत नाही. कुणी विचारलं की आम्ही दोघंही एकच सांगतो, स्टोव्ह भडकला. पहिल्यांदा ते मी सांगितलं, मग तिनं माझ्यामागून म्हटलं, आणि पुढे आमच्या मुलीनंही शाळेत तेच सांगितलं. इतकी वर्षं सांगून सांगून माझ्याही डोळ्यांसमोर कधी कधी खरंच भडका येतो.

स्टोव्ह भडकला नव्हता. स्टोव्ह चांगला होता, पुढे बरीच वर्षं चालला.

मी सुतार. पन्नासच्या दशकात पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, तिथे लाकूडकामाच्या खात्यात लागलो. पण सांगायचं ते त्याच्याही आधीपासून सांगावं लागेल, नाहीतर मी ते स्वयंपाकघर का केलं हे कळायचं नाही, आणि ते मी वाईट हेतूनं केलं असं वाटेल. वाईट हेतूनं नव्हतं केलं. माझ्याबाबतीत अवघड आहे ते हेच.

आमचं गाव चाकणच्या अलीकडचं. वडील संध्याकाळी चुलीशेजारीच पाट मांडून जेवायला बसत. भाकरीला चीर गेली, कालवणात मीठ कमी पडलं, किंवा काहीच झालं नाही, तरी त्यांचा हात फुंकणीकडे जाई. चूल फुंकायची लोखंडी नळी ती, आईच्याच मांडीशी पडलेली असायची. वडील उठून उभे राहत आणि आई बसलेलीच असे. उभा माणूस बसलेल्याला मारतो तेव्हा घाव वरून येतो. आईचं खांद्याचं हाड असंच मोडलं, ते वाकडंच जुळलं. मी भिंतीला टेकून बघायचो आणि माझ्या डोक्यात एकच यायचं की आई जमिनीवर बसली नसती तर. चूल नसती तर फुंकणी नसती, आणि फुंकणी नसती तर...

लग्न झाल्यावर हे मी बायकोला सांगितलं होतं. अगदी पहिल्या महिन्यात. तेव्हा तिनं माझा हात हातात धरून ठेवला होता.

कारखान्यात परदेशी साहेब आले होते, यंत्रं बसवायला. त्यांतल्या एका अमेरिकन साहेबाच्या बंगल्यात स्वयंपाकघर करायचं काम माझ्याकडे आलं. मडम माझ्यापेक्षा वीतभर उंच. तिनं स्वतः चित्रं काढून दिली होती. मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं सांगितलं ते असं, की तिच्या मुलखात शेकर नावाचा पंथ आहे, ती माणसं फार साधं राहतात आणि अशी लाकडी कामं करतात. कपाटाच्या दाराला नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. चार पट्ट्यांची चौकट आणि मधे सपाट फळी, एवढंच. धरायला लाकडाचं एक बोंड. भिंतीभर एक लांब पट्टी आणि तिच्यावर ओळीनं खुंट्या. झाडायचं असलं की खुर्च्यासुद्धा उचलून खुंट्यांना टांगायच्या. खण भांड्याच्या मापाचे, म्हणजे हात घातला की हवं तेच हाताला लागतं. सगळ्याला एकच फिकट निळसर रंग.

मी आयुष्यात तोवर देव्हाऱ्यांना कमानी कोरल्या होत्या, पलंगांना मोर बसवले होते. हे बघून मला त्या सगळ्याची लाज वाटली. काम संपलं तेव्हा मी त्या खोलीत नुसता उभा राहिलो. मडम ओट्यापाशी उभी राहून भाजी चिरत होती. पाठ ताठ. तिच्यावर कुणी वरून घाव घालूच शकलं नसतं.

ती आणखी एक म्हणाली होती, त्या पंथात माणसावर हात उगारणं पाप मानतात. मी मान हलवली आणि चौकटीचा सांधा नीट बघून घेतला. शिकायचं ते तेवढंच शिकलो.

कारखान्याच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्यांची जागा मिळाली होती. मागच्या खोलीत बायकोनं चूल घातली होती. तिचं माहेर आळंदीजवळ, इंद्रायणीच्या काठी. तिथली माती तिनं पिशवीतून आणली होती, भूस घालून मळली होती, रोज पोतेरं देऊन तिला काचेसारखी ठेवली होती. मी तिला खडूनं भिंतीवर आखून दाखवलं, इथे ओटा, इथे खण, इथे खुंट्या.

"आन् चूल कुठं?"

"चूल न्हाई. ओट्यावर स्टोव्ह. उभ्यानं करायचं."

"उभ्यानं?" ती हसली. "लग्नघरचा आचारी हाय का मी? आन् भाकरीचं काय? राकेलचा वास मारील तिला. तुमीच पैला घास थुकाल."

मी तिच्या थोबाडीत मारली. लिहायला हे एक वाक्य लागतं, आणि तेव्हाही तेवढाच वेळ लागला. ती हसली म्हणून मारली. तिला मी मारापासून सोडवायला निघालो होतो आणि ती हसत होती, असं माझ्या डोक्यात होतं. मी खडू उचलला आणि पुढचं आखलं.

श्रावणात काम काढलं. लाकूड खोक्यांचं, विदेशी यंत्रं त्यातून आलेली. रंधा मारला की दुधासारखं निघे. अडचण एकच होती, चूल फोडायची कधी? रोज दोन वेळा पेटायची, आत निखारे, दगड तापलेले. फोडायला ती थंड हवी. आणि थंड चूल वर्षातून एकदाच मिळते, शीतळासप्तमीला. त्या दिवशी घरात विस्तव करत नाहीत, आदल्या दिवशीचं शिळं खातात. त्या वर्षी सप्तमी आली रविवारी, मला सुट्टी. मला वाटलं, वा, सगळं कसं जुळून आलं. सुतार असंच बघतो, कधी सुकलं, कधी थंड झालं.

पहार घेऊन आत गेलो तर चूल सारवलेली, हळदकुंकू लावलेली, वर कापसाचं वस्त्र, पुढे दहीभाताचा नैवेद्य. बायको हात जोडून बसली होती.

"अवो, आज न्हाई," ती म्हणाली. "आज शीतळादेवी येती. चुलीत निजती. उद्या फोडा. उद्या मी सोता पानी वतून थंड करून दिते."

"उद्या मला शिफ्ट हाय. सर बाजूला."

ती सरली नाही. चुलीच्या तोंडावर दोन्ही पंजे पसरून पालथी झाली. मी म्हणालो, हात काढ. पुन्हा म्हणालो. मग पहार उचलली आणि मारली.

ती हात काढील असं मला वाटलं होतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. मला काही वाटलं नव्हतं. पहार उचलताना मी तिच्या हाताकडे बघतसुद्धा नव्हतो, मातीच्या बगलेकडे बघत होतो, कारण तिथे मारली की चूल एका घावात बसते. तिनं शेवटच्या क्षणी हात ओढले. चूल बसली. दहीभात पायाखाली आला. ती उठून दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभी राहिली आणि मी ढेकळं पाटीत भरून होईपर्यंत तिथेच उभी होती.

स्वयंपाकघर झालं. मी अजून सांगतो, त्याहून चांगलं काम मी पुढे केलं नाही. एक दार करकरलं नाही, एक खण अडकला नाही. वसाहतीतल्या बाया बघायला यायच्या, बोंडं धरून दारं उघडायच्या, "बाई बाई, किती गं सुख तुला" म्हणायच्या. ओट्याची उंची मी मडमच्या चित्रातली घेतली होती, छत्तीस इंच. माझी बायको माझ्या छातीलाही लागत नाही. ओटा तिच्या बरगड्यांशी यायचा, वर स्टोव्ह, त्याच्यावर पातेलं. आत काय शिजतंय ते तिला दिसायचं नाही. हात खांद्याच्या वर धरून ती भाकरी उलटायची, आणि वाफ तोंडावर घ्यायची.

मी लाकडाच्या प्रत्येक तुकड्याला माप लावलं होतं. तिला लावलं नव्हतं.

तिनं जेवायचा पाट पायाखाली घ्यायला सुरुवात केली. मला ते दिसलं की माझं डोकं फिरे. इतकं रेखीव काम आणि मधे तो चिकट पाट! "पाट जेवायला असतो, चढायला नसतो," मी म्हणायचो आणि पाट छतालगत मुद्दाम वेगळ्या ठोकलेल्या खुंटीला टांगायचो. मी कामावर गेलो की ती केरसुणीच्या दांड्यानं तो पाडायची. मला ते खाली ओट्याच्या लाकडावर पडलेल्या खाचांवरून कळायचं. दोनदा मी त्यासाठी तिला मारलं, एकदा केरसुणीच्याच दांड्यानं. फुंकणी घरात नव्हती. तिची गरजच पडली नाही.

मग एका संध्याकाळी आमचा फोरमन आणि माझा जोडीदार फिटर काम बघायला आले. फोरमननं मनात आणलं तर वसाहतीतली आणखी कामं मला मिळाली असती. ते पुढच्या खोलीत बसले, ती आत चहाला लागली. फिटर थट्टेखोर. आत डोकावला आणि ओरडला, "अहो राव, हा ओटा केलाय का माडी? वहिनी पाटावर चढल्यात! भावा, एक शिडी पण करून टाक की!"

फोरमन मोठ्यानं हसला. म्हणाला, "बायको मागवताना माप कळवायचं राहिलं काय रे?"

मीही हसलो. हसतच उठलो आणि आत गेलो. ती पाटावर उभी होती, पाठमोरी, चहाचं आधण उतरवायला दोन्ही हातांत फडकं घेतलेलं. तिनं मला पाहिलं नाही. मी पाटाला लाथ मारली.

ती पडली, पडताना पातेलं धरूनच पडली. आधण उजव्या हातावर गेलं. ती ओरडली नाही, दातांतून एक आवाज आला फक्त, ओलं लाकूड चिरताना येतो तसा. आणि मी पहिलं काय केलं? स्टोव्ह कलंडला होता, तो सरळ केला. दारावर चहा उडाला होता. त्या निळसर रंगावर डाग राहतो, म्हणून मी तिच्या हातातून सुटलेलं फडकं उचललं आणि दार पुसलं. मग तिच्याकडे वळलो.

तेवढ्यात ते दोघे दारात आले. "स्टोव्ह भडकला," मी म्हणालो.

फिटरनं स्टोव्हकडे बघितलं. तो शांत निळा जळत होता. मग तिच्याकडे बघितलं.

"व्हय," ती खालूनच म्हणाली. "स्टोवच."

दवाखान्यात तिनं तेच सांगितलं. तिची आई येऊन तिला आळंदीकडे घेऊन गेली, तिलाही तेच. सासूनं मला एकच विचारलं, "जावयबापू, तुमच्या अंगावर एक थेंब न्हाई उडाला?"

घर रिकामं झाल्यावर मी ओट्याची उंची कमी करायचं ठरवलं. करवत घेऊन बसलो आणि अडलो. किती कापू? बायको केवढी आहे हे मला ठाऊक नव्हतं. डोळे मिटून ती कुठवर येते ते आठवायला बघितलं, तर मला ती एकतर जमिनीवर दिसे नाहीतर पाटावर. शेवटी दाराच्या चौकटीकडे लक्ष गेलं. तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता तिथे, चूल फोडली त्या दिवशीचा, आणि त्यानंतरच्याही पुष्कळ दिवसांचा असणार. त्याला पट्टी लावली. तेवढ्या उंचीच्या बाईला ओटा कुठे हवा ते धरलं आणि ओट्याचे पाय कापले. करवत दोनदा खुणेवरून निसटली.

तिला आणायला गेलो तेव्हा ती ओसरीवर डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, ओटा खाली केलाय. तिनं तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "माती घ्या. घाटाखालची, चिकट हाय ती. मी चूल घालनार."

सायकलवर पोतं टाकून माती आणली. त्या निळसर कपाटांच्या मधोमध, जमिनीवर, तिनं डाव्या हातानं चूल घातली. मी पाणी द्यायला वाकलो तर म्हणाली, "तुमी हात लावू नका." चूल थोडी तिरकी झाली. ती तशीच राहिली. भाकरी चुलीवर, बाकीचं ओट्यावर, असं तिनंच ठरवलं, आणि खरं सांगायचं तर घर चाललं ते त्या मांडणीनं.

माहेराहून तिनं आणखी एक वस्तू आणली होती. लोखंडी फुंकणी. ती तिनं चुलीपाशी ठेवली नाही. दाराजवळची पहिली खुंटी, माझ्या डोक्याच्या उंचीची, तिथे चवड्यांवर उभी राहून टांगली. चूल फुंकायला ती पितळेची दुसरी नळी वापरायची.

त्यानंतर मी कधी हात उचलला नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. एकदा उचलला. मुलगी तेव्हा रांगत होती. कशावरून ते आठवत नाही, खरंच नाही. हात वर गेला. बायकोनं डोळे मिटले नाहीत. चवडे उंचावून तिनं डाव्या हातानं फुंकणी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"हात कशाला दुखवून घेताय?" ती म्हणाली. "ही घ्या. घरचीच रीत हाय तुमच्या."

मी ती घेतली. वजनदार होती. मुलगी तिकडे भिंतीला धरून उभी राहायला बघत होती, अगदी मी उभा असायचो तशी. मी फुंकणी परत खुंटीला लावली. खुंटी सापडायलाच वेळ लागला.

आता गॅस आलाय. चूल गेली, तिनंच एका शीतळासप्तमीची पूजा करून दुसऱ्या दिवशी पाणी ओतून मोडली. फुंकणी खुंटीवर आहे. परवा मुलगी लग्न ठरल्यावर म्हणाली, बाबा, माझ्या नव्या घरात असंच स्वयंपाकघर करून द्या. मग ती फुंकणी हातात घेऊन म्हणाली, ही कशाला ठेवलीय अजून, चूल तर नाही.

बायको ओट्याशी उभी होती. वळली नाही.

"बापाला इचार," ती म्हणाली. "आन् बोटांचं बी इचार. आज स्टोव भडकला न्हाई."

मी पट्टी घेऊन आलो होतो, मुलीची उंची घ्यायला. खाली, जमिनीवर बसलो आणि पट्टी मांडीवर ठेवली. मुलगी उभीच होती. बसूनच सांगायला सुरुवात केली.