रुको मॅडम आणि मनी प्लांट

आमच्या लॅबमध्ये फोन वाजला की पलीकडचा डॉक्टर जंतूचा रिपोर्ट मागायच्या आधीच आमच्या मॅडम म्हणायच्या, "रुको." नोएडात तेव्हा सगळ्यांनाच घाई. काल गव्हाचं शेत होतं तिथे आज दुकानांचे गाळे, उद्या त्यात नर्सिंग होम. आणि या पुण्याच्या बाई जंतूला वाढायला लागतो तेवढा वेळ त्याला देणारच. म्हणून स्टाफ त्यांना 'रुको मॅडम' म्हणायचा, अगदी तोंडावरसुद्धा.

मी परांड्याकडची. आठवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले. लॅबमध्ये मी काचसामान धुवायचे, पाण्याच्या बाटल्या वाफेवर निर्जंतुक करायचे. नोकरी जाईल की काय, ही धास्ती मला रोज पायऱ्या चढताना असायची. आत गेल्यावर मॅडमचं "आलीस का गं सुमन?" ऐकलं की जरा श्वास यायचा. तिथे मराठी बोलणारं दुसरं होतं कोण?

शिकवायची त्यांना भारी हौस. मायक्रोस्कोपखाली गुलाबी काड्या दिसल्या की हाक मारायच्या. "हे बघ, ग्राम-निगेटिव्ह. म्हणजे नुसतं आडनाव कळलं. दिल्लीत 'शर्माजी' म्हणून हाक मार, अर्धी गल्ली वळून बघेल. आपला शर्मा कोणता ते शोधायचंय." मग कोणती साखर खातो, वायू सोडतो का, हालचाल करतो का, अशा सोयरिकीला कराव्यात तशा चौकशा. एका चाचणीत जंतू कागदाच्या पट्टीवर लावून ती जांभळी होते का ते बघायचं. त्याला काडी लाकडाचीच. "लोखंडी तार लावली तर पट्टी खोटीच जांभळी होते. साक्षीदाराला धमकावून बोलतं करायचं नाही."

खिडकीत त्यांनी काचेच्या बरणीत मनी प्लांट लावला होता. उन्हाळ्यात तो मान टाकायचा. मग मॅडम काम करता करता त्याच्याशी बोलायच्या आणि हाताशी असेल ते पाणी घालायच्या.

त्या मे महिन्यात तीन पेशंटांच्या जखमांत एकच जंतू निघाला. हिरवट रंग सोडणारा, पिकल्या द्राक्षांसारखा वास येणारा सुडोमोनास. रिपोर्ट गेले. चौथ्या पेशंटच्या वेळी मात्र मॅडमनी पेन खाली ठेवलं. "डॉक्टर वेगळे, मोहल्ले वेगळे, पेशंट एकमेकांना ओळखत नाहीत, आणि जंतू तेवढे सख्खे भाऊ? हा पाहुणा आपल्याच घरातला आहे."

जखम पुसलेली कापसाची काडी कोरडी पडून आली तर आम्ही तिच्यावर टेबलावरच्या बाटलीतून निर्जंतुक पाण्याचे थेंब टाकायचो. ते पाणी माझ्या हातचं.

लॅबचे मालक तावातावाने आले. "पानी तो यही बनाती है ना? आठवीं फेल है, और क्या होगा! आज ही छुट्टी कीजिए इसकी."

मी नापास नव्हते, शाळा सुटली होती. पण एवढं सांगायलाही आवाज फुटेना. नवऱ्याच्या कारखान्याला टाळं लागलेलं होतं. घर माझ्यावर चाललं होतं.

"रुको," मॅडम म्हणाल्या. "पहले प्लेटें बोलेंगी."

माझ्या सीलबंद बाटल्या, बेसिनचा नळ, टेबलावर उघडलेली लांब नळीची बाटली, माझी बोटं, त्यांची स्वतःची बोटं, सगळ्याच्या प्लेटा, म्हणजे जंतू वाढवायच्या बशा, लावल्या. मी बोटं प्लेटवर घट्ट दाबली. "अगं, टेकव नुसती. अंगठा द्यायला आलीयेस का कचेरीत?"

दुसऱ्या दिवशी माझ्या सीलबंद बाटल्यांच्या प्लेटा कोऱ्या, नळाच्या आणि दोघींच्या बोटांच्या प्लेटांवरही हिरवं काही नाही. टेबलावरच्या बाटलीची हिरवी. मॅडम त्या बाटलीच्या नळीकडे बघत राहिल्या, मग हळूच खिडकीकडे वळल्या. झाडाला पाणी घालताना ती नळी बरणीत बुडायची. आम्ही सगळे रोज बघत होतो, पण ध्यानात कुणाच्याच आलं नव्हतं. बरणीतल्या पाण्याचीही प्लेट लावून पाहिली, तर तोच हिरवा रंग, तोच द्राक्षांचा वास, पट्टी तशीच जांभळी.

"सुमन का पानी साफ़ था," त्या सगळ्यांसमोर मालकांना म्हणाल्या. "गंदा मैंने किया." आणि फोन उचलला.

"मैडम, चौक में दो लैब और खुल गई हैं, धंधा डूब जाएगा!"

त्या दिवशी फोनवर 'रुको' आलं नाही. "डॉक्टरसाहब, मेरी रिपोर्ट ग़लत थी. उस पर इंजेक्शन मत चलाइए. नया सैंपल भेजिए." प्रत्येकाला हेच. एक डॉक्टर इतका ओरडला की मला लांबून ऐकू आलं. त्याने पुन्हा कधी आमच्याकडे नमुना पाठवला नाही. फोन ठेवला तेव्हा मॅडमचे कान लाल झाले होते. "चहा सांग गं. साखर जरा जास्त."

मी झाड फेकायला उचललं. "त्याचा काय गुन्हा? जिन्यात ठेव. आणि नळाचं पाणी घालत जा."

पुढे त्यांच्या यजमानांची पुण्याला बदली झाली. जाताना त्याच झाडाची एक फांदी मला दिली, "जपून ने" म्हणाल्या. मी पाया पडायला वाकले तर म्हणे, "आधी हात धुतलेस का?" आणि रडलो दोघीही.

आता मी गुडगावच्या मोठ्या लॅबमध्ये आहे. जंतूचं नाव मशीन सांगतं. परवा असाच नको तिथे एक जंतू उगवला आणि सगळ्यांच्या माना नव्या सफाईवालीकडे वळल्या. पोरीचा चेहरा पांढरा पडला.

"रुको," मी म्हटलं. "पहले मेरे हाथ की प्लेट लगाओ."

या वेळी आवाज फुटला.