चौथा फोन

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. घरातलं चारचौघांत कशाला, असं आई म्हणणारच. पण आत्याने हो म्हटलंय, म्हणून आता एका दमात लिहून टाकते.

माझी आत्या, बाबांची मोठी बहीण, हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनवर कामाला होती. सव्वीस वर्षं. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांचं रक्त मशीनमधून साफ करून परत अंगात सोडायचं. एकेकाला चार तास, आठवड्यातून दोनदा, जन्मभर. मशीनं पाच आणि पाळ्या दिवसाला तीन, रविवारी बंद. कसंही जुळवा, पंचेचाळीसच माणसं बसतात. सेहेचाळिसावा वहीत. मशीनवाल्यांची नावं पेनने, थांबलेल्यांची पेन्सिलने. ती वही आत्याकडे. एखादी जागा रिकामी झाली की पेन्सिलीतल्या पहिल्या नावाला ती फोन करायची. जागा का रिकामी झाली हे पलीकडचा माणूस विचारायचा नाही. त्याला माहीत असायचं.

सहा वर्षांपूर्वी आजोबांच्या किडन्या गेल्या. वहीत नंबर सातवा. बाबा आत्याच्या पाया पडायचे तेवढे राहिले होते. "ताई, पेन्सिलच आहे ना? खोड की!" तिने खोडलं नाही. आजोबा सरकत सरकत पहिल्या नंबरावर आले आणि जागा निघायच्या आतच गेले. तेव्हापासून आमच्या घरात आत्याबद्दल एकच वाक्य आहे. "तिने नियम सांभाळला, बाप नाही सांभाळला." मी तेव्हा तेरा वर्षांची. आत्याचं येणं बंद झालं, आमचंही जाणं बंद. राहायला कुठे? वीस मिनिटांवर!

आता गेल्या महिन्यात काय झालं, कॉलेजात सरांनी फळ्यावर पाच माणसं काढली. तरुण आई, शास्त्रज्ञ, चोर, लहान मुलगी आणि एक म्हातारा. मशीन एकच, कुणाला द्याल? वर्गात नुसता कल्ला. मी उभी राहून म्हटलं, "सर, म्हाताऱ्यावर आधी फुली मारा, त्याचं जगून झालंय." सगळे खदाखदा हसले. सरांनी खरंच फुली मारली. ती फुली बघितली आणि मला वहीतले आजोबा आठवले. दप्तर उचललं, तास अर्धा टाकून निघाले, थेट आत्याचा तिसरा मजला.

दार उघडून ती बघतच राहिली.

"टिटवी? अगं, केवढी ताडमाड झालीस! ये. चपला आत घे, इथलं मांजर पळवतं."

एक खोली. एक खुर्ची, एक उशी, एक कप. तो कप तिने मला दिला आणि स्वतः चहा घेतला रेघा मारलेल्या मापाच्या ग्लासात. शंभर मिलीच्या रेघेपर्यंत, थेंबभर जास्त नाही.

"हे काय गं?"

"पेशंटना पाणी मोजून. त्यांच्यासमोर घटाघटा कसं प्यायचं? लागली सवय. आता रिटायर होऊन दोन वर्षं झाली, सुटत नाही."

खिडकीचा पडदा हाताने शिवलेला, टाके असे वेडेवाकडे की मी हसले. "आत्या, समोर शिंप्याचं दुकान आहे आणि हा पडदा? माझं अक्षर बरं यापेक्षा."

ती हसली नाही. मग मला राहवलं नाही, विचारून टाकलं. "आजोबांना पुढे का नाही घेतलंस?"

तिने ग्लास खाली ठेवला.

"तुझा बाप म्हणतो ते खरं असतं ना, तर बरं झालं असतं गं."

वहीचा एक नियम होता. पहिल्या नावाला तीन फोन, मध्ये दहा-दहा मिनिटं. नाही उचलला तर पुढचं नाव, कारण मशीन रिकामं ठेवायचं नाही. त्या दिवशी पहिलं नाव होतं हा समोरचा शिंपी. दुसरं, आजोबा. आत्याने तीन फोन केले. उचलला नाही.

"बाजूला सिस्टर पाव खात बसलेली. मला म्हणते, चला, तुमच्या बाबांना लॉटरी! आपला तो बाब्या! थट्टाच केली तिने. वाईट नव्हती गं. पण माझं बोट आपोआप परत त्याच नंबरावर गेलं. चौथ्यांदा. आणि त्याने उचलला. शिलाई मशीनच्या खडखडाटात ऐकूच आलं नव्हतं म्हणे. रडायला लागला फोनवर."

"म्हणजे नियमाने जागा आजोबांची झाली होती?"

"हो."

"मग तू नियमही मोडलास!"

"मोडला. लोकांनी मला चांगलं म्हणावं म्हणून. बाप घरी तळमळतोय आणि मी माझं नाव जपतेय." नवव्या दिवशी आजोबा गेले.

मला काहीतरी बोलायचं होतं, काहीही. "पण शिंपी पहिला होता ना? त्याचाच हक्क!"

"पहिले सगळेच असतात, टिटवे. त्याआधी तीन फोनांवर मी अकरा जणांना सोडून पुढे गेले. त्यांना का नाही केला चौथा?"

मी उठून खिडकीतून समोरच्या दुकानाकडे बघितलं.

शिंपी अजून आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी पिशवी घेऊन तिच्या खिडकीखालून हॉस्पिटलात जातो. "दिसला की बरं वाटतं," ती म्हणाली. "आणि दिसला की माझे बाबा आठवतात." म्हणून ती त्याच्या दुकानात जात नाही, पडदासुद्धा टाकत नाही शिवायला.

आणि मग मी, विचारबिचार न करता, बाबांना फोन लावला. स्पीकरवर. सगळं धडाधड सांगून टाकलं. आत्या तोंडावर हात धरून उभी. पलीकडे बाबांनी टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

मग म्हणाले, "तिला विचार, बाबांना कळलं होतं का?"

आत्या फोनजवळ आली. सहा वर्षांनी भावाशी पहिलं वाक्य. "त्याच संध्याकाळी सांगितलं होतं रे मी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, शिंप्याला मुलं किती? म्हटलं, तीन. मग बर्फाचा खडा मागितला चोखायला. आणि म्हणाले, धाकट्याला सांगू नकोस, तो तुला तोडून टाकेल."

बाबांनी फोन ठेवला.

आत्याने माझा कप विसळून पालथा घातला. "जा आता, उशीर होईल," म्हणाली. जिन्यात वळून बघितलं तर दार उघडंच, ती कठड्याला धरून उभी.

तीन आठवडे झाले. बाबा तिच्याकडे गेलेले नाहीत. पण ते वाक्यही परत बोललेले नाहीत. रविवारी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, "तिच्याकडे लिफ्ट आहे का?"

"नाही. तिसरा मजला."

"हं," म्हणाले आणि गुडघा चोळला.

परवा मी तिच्याकडे दोन कप नेऊन ठेवले. "एवढे कशाला गं? आपण दोघीच," म्हणाली. पण फडताळात तिन्ही शेजारी-शेजारी मांडले.

आत्या बरोबर की चूक, मला अजून कळलेलं नाही. फळ्यावर पटकन कळत होतं. पण तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल, ज्याचा एका वाक्यात निकाल लावून सगळे मोकळे झालेत. त्यांच्याकडे जा ना. याच आठवड्यात जा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल, नुसता चहा मागा.