तिसऱ्या माळेची थरथर

मी देवीशी भांडणारी बाई आहे. हात जोडलेले असले तरी तोंड चालूच असतं. त्या वर्षी घटाची माती चाळतानाच मी तिला बजावलं होतं, की आई, इतकी वर्षं तुझे उपास धरले, माझ्या पदरात काय पडलं? तू ऐकतेस का नुसतीच बसून असतेस, तेच मला कळेनासं झालंय.

आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात मशीनवर आहेत. पाळ्या सारख्या बदलत्या, त्यामुळे झोपेचा कायमचा बट्ट्याबोळ. रात्रपाळीहून आल्यावर उजेडात डोळा लागत नाही म्हणून थोडी घ्यायला लागले. औषध म्हणून घेतो गं, असं सांगायचे. कसलं औषध! घेतली की लगेच घोरायला लागायचे आणि थोड्याच वेळात दचकून उठून बसायचे, बनियन घामाने भिजलेला, छातीत धडधड. मग कशाचीही भीती. कडी लावली का, साहेब कामावरून काढतील का, मुलगी शाळेतून नीट येईल ना. ती भीती मारायला पुन्हा बाटली. मशीनचा स्क्रू न् स्क्रू ज्यांना तोंडपाठ, ते रात्री काय जेवलो हे सकाळी विसरायला लागले. मी बोलून, रडून, माहेरी जाऊन थकले होते. हा माणूस असाच हातातून जाणार, या भीतीने मलाही झोप नव्हती.

म्हणून पहिल्या माळेला त्यांना घटासमोर बसवलं आणि शपथ घ्यायला लावली, की दसऱ्यापर्यंत थेंबभरही नाही. नवरात्रापुरती सोडणारे आमच्या कॉलनीत पुष्कळ आहेत; दसऱ्याला सोनं लुटलं की त्यांची पुन्हा सुरू होते. ह्यांनी आजवर तेवढंही केलं नव्हतं. त्या दिवशी मात्र गुमान हात पुढे केला, आणि शब्द पाळला. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी ह्यांच्या हातातला कप थरथरत होता, रात्रभर पापणीला पापणी लागली नाही. मी म्हटलं, उपासाने होत असेल.

तिसऱ्या माळेला सकाळची आरती चालू होती. शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. ह्यांच्या हातातलं तबक वाजायला लागलं, मग सगळं अंगच थरथरायला लागलं. कपाळावरून घामाच्या धारा, डोळे वर. कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "ती कोण उभी आहे तिथे?" तिथे कुणीच नव्हतं. शेजारच्या काकू ओरडल्या, अगंबाई, वारं आलं! झालं. कुणी कपाळभर कुंकू भरलं, कुणी घटावरचा हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. एक बाई पाया पडून लेकीचं लग्न कधी जमेल ते विचारायला लागली. खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. जिच्याशी मी इतकी भांडले, ती आपल्या पायाने माझ्या घरी आली होती.

दारात तेव्हा एक आराधीण जोगवा मागायला उभी होती. कळवणकडची म्हातारी, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. कुणी बोलावलं नसताना ती आत आली, बायांना बाजूला सारून ह्यांच्यासमोर बसली आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मला विचारलं, यानं दारू कधी सोडली? मी सांगितलं. तिने ह्यांच्या गळ्यातला हार काढून खाली ठेवला.

"ही आई नाय, बाये. माझ्या अंगात येती, मला ठावं हाय. आई आली का मानूस भीत नाय. ह्यो लय भ्यालाय. माझा मालक असाच गेला, आमी लिंबं उतरवीत बसलो. रिक्षा बोलीव."

काकू फणकारल्या. मलाही राग आला, एवढं मोठं भाग्य ही म्हातारी दारातून परत पाठवतेय असं वाटलं. शिवाय घरात अखंड दिवा, तो सोडून जायचं कसं? तिने माझं मन ओळखलं असावं. "दिव्याला मी हाय. तू तुझ्या मानसाला बघ," म्हणाली.

दवाखान्याच्या दारात रिक्षातून उतरवताना ह्यांना फिट आली. दात घट्ट मिटले, डोळे फिरले. दोन वॉर्डबॉय धावत आले म्हणून बरं. घरी असतो तर आम्ही टाळ्या वाजवत आरती म्हणत असतो, आणि माणूस समईवर कोसळला असता.

डॉक्टरांनी नंतर मला बसवून समजावलं. दारू मेंदूला दाबून ठेवते, मेंदू त्याविरुद्ध रोज आतून जोर लावतो. दार बाहेरून कुणी ढकलत असलं की आपण आतून रेटतो, तसं. ढकलणारा अचानक बाजूला झाला की आपणच तोंडावर पडतो. म्हणून रोज पिणाऱ्याने एकदम सोडायची नसते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन सोडायची असते. दारूने येते ती गुंगी, झोप नव्हे, आणि दचकून उठल्यावरची ती धडधडही तिचीच देणगी. शपथ चांगली होती हो ताई, पण एकटीच होती, असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आले तर दिवा तेवत होता. म्हातारी गेली होती. काकूंना सगळं शिकवून, वातीवरची काजळी कशी काढायची ते दाखवून गेली. त्याच काकूंनी मग दसऱ्यापर्यंत दिवा सांभाळला, आपल्या घरचं तेल घालून.

पुढे थंडीत आम्ही देवीच्या गडावर ओटी भरायला गेलो. मी प्रत्येक आराधिणीचं तोंड निरखत होते; ती कुठे दिसली नाही. देवीच आली होती, असं लोक म्हणतात. मला ठाऊक नाही. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि तिने काकूंकडून दोनदा चहा मागून घेतला. पण देवी आली तर अशीच येणार, असंच करणार, हे मीच ठरवून बसले होते. ती वेगळ्याच दाराने आली आणि मी तिला जवळजवळ हाकलत होते. आताही मी भांडते, पण कसं यायचं ते तिला शिकवत नाही. ओटीचं ताट ह्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं. नारळ हलला नाही.

झोप मात्र अजून रुळली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, मेंदूला वेळ द्या, ती आपली आपण येईल. परतीच्या शेवटच्या टप्प्यात, सिटी बसमध्ये, ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तोंड उघडं, श्वास संथ, कपाळावर घाम नाही. आमचा स्टॉप आला. कंडक्टर म्हणाला, "ताई, उठवा त्यांना, उतरायचंय ना?"

"राहू द्या," मी म्हटलं. "पुढचं तिकीट द्या. आम्ही चालत मागे येऊ."