गणपतची फ्रेंच आणि माझी घोडी

माझ्या सख्ख्या मेव्हण्याने, गणपतने, मला फसवलं आणि त्यात माझी घोडी गेली.

डोक्यावर मिठाची पाटी घेऊन मी जुन्नरच्या बाजारात सुरुवात केली. अकरा वर्षांनी ही शेवंती घोडी घेतली, पांढरीशुभ्र, देखणी. (आमच्या मंडळींच्या मते घरातलं एकमेव समंजस माणूस.) लेण्याद्रीची लेणी कागदावर उतरवायला एक फ्रेंच साहेब येणार आणि त्याला महिनाभर भाड्याने घोडं लागणार, ही बातमी कळली तेव्हा मी ठरवलं, त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलायचं. बाकीचे घोडेवाले बसतील हातवारे करत.

गणपत मुंबईत एका फ्रेंच मडमेकडे चौदा वर्षं वाढपी होता. त्याला बोरीहून बोलावलं.

"दाजी, लई सोपी भाषा हाय. फकस्त नाकातनं बोलायचं."

"म्हणजे कसं?"

"पडसं झाल्यावानी."

पंधरा दिवस तो माझ्याकडे जेवला आणि मी नाक चोंदल्यासारखा बोललो. 'वी' म्हणजे हो. 'मेर्सी' म्हणजे उपकार झाले. 'पार्दों' म्हणजे चुकलं. 'तू द स्वीत' म्हणजे आत्ता आणतो. बायकोने दोनदा काढा करून दिला.

साहेब आला. त्याचा दुभाषा मंचरला तापाने पडला होता, म्हणजे मैदान माझंच. साहेबाने शेवंतीचे दात पाहिले, पाठीवर हात फिरवला आणि काहीतरी लांबलचक विचारलं.

"वी," मी म्हणालो.

त्याने पुन्हा विचारलं.

"वी, मेर्सी."

बघ्यांना भाव कळू नये म्हणून मी आपल्या रिवाजाप्रमाणे त्याच्या हातावर उपरणं टाकलं आणि आतून चार बोटं दाबली. रोजचे चार आणे. साहेबाने माझा हात धरून असा हलवला की खांदा निखळायचा राहिला. मग रुपयांची थैली माझ्या हातात ठेवून तो घोडीवर बसून गेला.

"सगळं भाडं आगाऊ," मी थैली न उघडताच बायकोला म्हणालो. "भाषा आली की असं होतं."

तिसऱ्या दिवशी दुभाषा दारात. "घोडीला खायला काय घालता, ते साहेबांनी विचारलंय."

"महिनाभर कडबा आणि थोडा हरभरा घाला."

"महिनाभर? महिन्यानंतर ती साहेबांबरोबर पाँडिचेरीला जायचीय. दोनदा विचारून घेतलं त्यांनी, विकायची का म्हणून. तुम्ही हो म्हणालात, वर हातावर हात दिलात."

उपरण्याखाली झालेला सौदा मोडायचा नाही, हे आजवर मीच दहाजणांना दम देऊन पाळायला लावलं होतं. आता कोणत्या तोंडाने मोडू? आणि थैली उघडून मोजली तर रक्कम घोडीच्या किमतीला वाजवी होती, हे त्याहून जास्त लागलं. मी एका शब्दानेही घासाघीस केली नव्हती!

गणपतला गोठ्यात गाठलं. "नाही म्हणायला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?"

"ते ठावं न्हाई, दाजी. मडमेला न्हाई म्हणायची कुणाची छाती व्हती? चौदा वर्सांत लागलंच न्हाई."

"अवं, रागावू नका त्याच्यावर," बायको म्हणाली आणि रिकाम्या दावणीकडे बघून डोळे पुसू लागली.

माझं म्हणणं इतकंच आहे, की गणपतने चार पंचांपुढे उभं राहून याचा जबाब द्यावा. बाजारात ज्याच्या तोंडून 'नाही'शिवाय दुसरं काही निघत नाही, त्याला त्याने नेमका तोच शब्द का शिकवला नाही? पंधरा दिवसांत मी तो एकदाही का विचारला नाही, हे मात्र पंचांनी विचारू नये.