पट्टी सोडवलेली पाच पोस्टरं

"हे पोस्टर तुमच्याकडे आलं कसं?" मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. दुकानात आम्ही चौघं होतो.

चौघांतली एक मी. नागपूरच्या महाल भागात आमचं फोटो फ्रेमिंगचं दुकान. वडिलांच्या मागे मीच चालवायचे, आणि बाईमाणूस समजून कोणी फुकटात मागायला लागला की त्याला चांगलं तोंडावर ऐकवायचे. दुसरे नामदेवभाऊ. एका टॉकीजचे पोस्टर चिकटवणारे, वीस वर्षं शिडी खांद्यावर घेऊन नागपूर फिरलेले. तिसरा मुंबईहून आलेला जुन्या पोस्टरांचा व्यापारी. आणि चौथे हे मॅनेजर, फिल्म डिस्ट्रिब्यूटरच्या ऑफिसचे. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे टॉकीजला सिनेमा भाड्याने देणारा. सिनेमाच्या पेट्यांबरोबर पोस्टरंही त्याच्याकडूनच यायची. माल चोरीचा नाही ना, याची खात्री करायला व्यापाऱ्याने त्यांना सोबत आणलं होतं.

टेबलावर पाच पोस्टरं होती. स्वच्छ, कोरी करकरीत. तीच तर पंचाईत होती, आणि ती मीच करून ठेवली होती.

झालं होतं असं. शिडीवरून पडून नामदेवभाऊंचा गुडघा गेला आणि टॉकीजचं काम सुटलं. लकडगंजात एक ठेला विकायला होता. तिथे बसून बोर्ड आणि नंबरप्लेटा रंगवायच्या, असं त्यांनी ठरवलं. हात चांगला होता त्यांचा. ठेलेवाला दिवाळीपर्यंत थांबणार होता, पुढे एक दिवस नाही. आणि नामदेवभाऊंकडे विकण्यासारखी एकच वस्तू, पोस्टरांनी भरलेली ट्रंक.

"ताई, तुम्हीच विकून द्या," ते म्हणाले. "मले भाव करता येत नाही. लाज वाटते."

मी माल जांगडावर घेतला. जांगड म्हणजे माल मालकाचाच, दुकानात नुसता ठेवायचा. विकला तर दुकानदाराचा थोडा वाटा, नाही विकला तर जसा आला तसा परत. यातलं 'जसा आला तसा' मी साफ विसरले.

व्यापाऱ्याला पत्र टाकलं. तो आला, ट्रंक उपसली आणि पाच पोस्टरं बाजूला काढली. प्रत्येक पोस्टराच्या खाली एक कागदी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर टॉकीजचं नाव, 'रोज तीन खेळ', कितवा आठवडा. "ये पट्टी निकाल दो, बहनजी," तो म्हणाला. "साफ झाली तर सगळी ट्रंकच उचलतो. परवा येतो."

जुने कागद साफ करणं हे माझं रोजचंच काम. नामदेवभाऊंना विचारायची गरजही वाटली नाही. कोमट पाण्याचा स्पंज फिरवला, पाचही पट्ट्या अलगद निघाल्या, लगदा मोरीत गेला. मी स्वतःवर जाम खूश होते.

आता नामदेवभाऊ टेबलाशी वाकून पोस्टराची खालची कड बोटाने चाचपत होते.

"ताई, पट्टी कुठी गेली?"

"काढली. याइले साफ पाहिजे होतं."

"मले काहून नाही विचारलं?"

आवाज चढवला नव्हता त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी सांगितलं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. न वापरलेली पोस्टरं डिस्ट्रिब्यूटरला परत द्यावी लागत. पण एकदा टॉकीजची पट्टी लागली की ते पोस्टर दुसऱ्या टॉकीजला निरुपयोगी, डिस्ट्रिब्यूटर परत घेत नसे. सिनेमा लवकर उतरला की अशी पट्टीवाली पोस्टरं उरायची. टॉकीजवाले म्हणायचे, घेऊन जा घरी. म्हणजे ती पट्टी हीच त्यांची पावती होती, आणि मी ती धुऊन टाकली होती.

"पट्टी असती तर माझं काही म्हणणंच नव्हतं," मॅनेजर म्हणाले. "पण कोरं पोस्टर आमचं. ते घरी गेलं म्हणजे..."

वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. नामदेवभाऊंचा चेहरा पार उतरला. वीस वर्षांची नोकरी आणि शेवटी चोर ठरायची वेळ, तीही माझ्या शहाणपणामुळे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझी आहे साहेब," मी म्हणाले. "जे बोलायचं ते मला बोला. यांचं नाव घ्यायचं नाही."

नामदेवभाऊंनी एक पोस्टर उचललं आणि लंगडत दारापाशी नेलं. "साहेब, जरा इकडे उजेडात पाहा."

उन्हात धरल्यावर खालच्या कडेला, पट्टी होती तिथे, चार बोटं रुंदीचा फिकट निळा पट्टा दिसला.

"खळीत मोरचूद टाकतो आम्ही. नाही टाकलं तं गाय पोस्टर चाटूनपुसून खाते."

पिठाची खळ गाईला आवडते, उंदरालाही. म्हणून नागपुरातले सगळे पोस्टरवाले तिच्यात मोरचूद, ते निळं विषारी मीठ, घालायचे. पट्टी निघते, निळा रंग कागदात राहतो. मॅनेजरांनी पाचही पोस्टरं एकेक करून उन्हात धरली, नखाने खरवडून पाहिली.

"बरोबर आहे. पट्टी लागलेली होती. माल यांचाच."

मी खुर्चीत बसले. तेवढ्यात व्यापारी म्हणाला, "मतलब, दाग आहे."

"आहे," मी म्हणाले.

"मग मुंबईत नाही चालणार." आणि बॅग उचलून तो गेलासुद्धा.

मॅनेजर मात्र थांबले. ट्रंकेतली पोस्टरं चाळता चाळता एका पट्टीवर त्यांचं बोट थबकलं. "ही टॉकीज तर पाडली. इथे मी गेटकीपर होतो. हे मला पट्टीसकट द्याल का?"

तिथे माझं डोकं चाललं. मुंबईला पट्टी नको असेल. नागपूरला पाहिजे होती. दुसऱ्याच दिवशी दुकानासमोर दोरी बांधून पोस्टरं टांगली. लोक आधी पट्टी वाचायचे, मग चित्र पाहायचे. एक बाई मैत्रिणीला म्हणाली, "हाच पाहाले गेलो होतो वं आम्ही, लग्न जमल्यावर. मागं माझा भाऊ बसला होता पहाऱ्याले." घेऊनच गेली. नंदनवन भागातल्या एका हॉटेलवाल्याने एकाच टॉकीजची बारा उचलली. नामदेवभाऊ स्टुलावर बसून कोणतं पोस्टर कोणत्या भिंतीवर लावलं होतं ते सांगायचे, भाव मी करायचे. दिवाळीच्या दोन दिवस आधी ठेला त्यांचा झाला.

साफ केलेली पाच मात्र कोणी घेतली नाहीत. "याच्यावर टॉकीजचं नाव नाही?" असं विचारून गिऱ्हाईक पुढे जायचं.

मी माझा वाटा घेणार नाही म्हटलं. नामदेवभाऊंना ते पटेना. "जांगड म्हणजे जांगड, ताई. वाटा तं घ्यावाच लागन." आणि त्यांनी तीच पाच पोस्टरं गुंडाळून माझ्या हातात ठेवली. हसत होते, पण न विचारल्याचा टोला मला बरोबर समजला.

तेव्हापासून कोणी माल घेऊन आला की मी त्याला हात लावत नाही. आधी मालकाला बसवते, चहा सांगते आणि विचारते, हे असं काहून आहे?