बसवराज आत होता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, हबीब सरांना नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हालाही सांगितलं नसतं. पण गेल्या महिन्यातल्या बैठकीत कुणीतरी एक शब्द वापरला, सगळे हसले, मीही हसलो — आणि तेव्हापासून मला माझाच असा संताप येतोय की दुकानात बसवत नाही.

आधी बैठकीचं सांगतो. नांदेडात आमचा छोटासा फुटबॉल क्लब आहे. मी पूर्वी खेळायचो. गुडघा गेल्यापासून मैदानाचं सगळं बघतो — जाळ्या, पाणी, फक्की. फक्की म्हणजे रेषा आखायची पांढरी भुकटी. पोटापाण्याला मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. तांब्याच्या तारेचे वेढे मोजण्यात माझा हात धरणारा आमच्या भागात नाही. हे मुद्दाम सांगतोय. मोजमापात हा माणूस चुकत नाही, असं लोक म्हणतात.

यंदा टीम चांगली खेळली. तीन वर्षं पहिल्याच फेरीत तोंड काळं करून घरी येत होतो, यंदा सेमीफायनल गाठली. मोसम संपला की आमच्याकडे मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली बैठक होते आणि पुढच्या वर्षाची यादी वाचतात. नाव आलं तर तुम्ही टीममध्ये. नाही आलं तर काही विचारायचं नाही, चहा प्यायचा आणि निघायचं. पद्धतच तशी. या वेळीही सगळं झकास ठरलं. पुढची फळी टिकणार, कंधारचा एक तगडा गडी मधल्या फळीत येणार, मे महिनाभर पहाटे साडेपाचला नदीकाठी पळायचं. आमचे प्रशिक्षक हबीब सर खुशीत होते. "टीम तयार हाय बरं का," ते म्हणाले. "फकत मागं एक भरवशाचा गोलकीपर पायजे."

"हाव सर," एक नवा खेळाडू म्हणाला, "पण बसवराज करणारा नको."

बसवराज करणारा! आमच्या क्लबात ही आता शिवी झालीय. गोलकीपर येड्यासारखा गोलसमोरच्या चौकटीबाहेर गेला, जिथं त्यालाही हात लावायची मुभा नसते, आणि बॉल हातात धरला, की म्हणायचं — यानं बसवराज केला. बोलणाऱ्यानं बसवराजला जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्याचा मला राग आला. मग वाटलं, त्याच्यावर कशाला रागावतोस? ही शिवी त्याला दिली कुणी?

बसवराज लोह्याचा. घरचं बी-बियाणांचं दुकान. दुपारी ते भावावर सोपवून एसटीनं नांदेडला यायचा आणि सरावाला सगळ्यात आधी हजर. चार वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा सेमीफायनलला पोचलो ते त्याच्या जिवावर. इतर गोलकीपर खांबांच्या मधे उभे राहून देवाचं नाव घेतात. हा पुढे धावत यायचा. समोरचा एकटा सुटला की हा वाघासारखा त्याच्या अंगावर. आणि पावलं पक्की मोजलेली — गोलपासून चौकटीच्या पुढच्या रेषेपर्यंत धावती अकरा. डोळे बॉलवर, खाली बघायचं नाही. सरावात आम्ही त्याच्या डोळ्यांवर उपरणं बांधायचो. अकरा पावलं धावून थांबायचा, आणि पायाची बोटं रेषेच्या आत. दर वेळी. पुढच्या मोसमात कप्तान तोच होणार होता. त्यानं घरी सांगूनही टाकलं होतं.

आता — आता ते सांगायला हवं.

सेमीफायनल आमच्याच मैदानावर होती, लातूरच्या टीमशी. सकाळी मी फक्की मारत होतो. आमच्याकडे मापाची एक दोरी आहे, ठरावीक अंतरावर रंगीत चिंध्या बांधलेली. गोलरेषेपासून लाल चिंधीपर्यंत ताणली की चौकटीची खोली मिळते. एका बाजूची चौकट आखून झाली. दुसरीकडे जाताना दोरी मंडपाच्या खुंटीला अडकली, मी वैतागून हिसका दिला आणि ती तुटली. टोकं उसवली होती. ती कापली, गच्च गाठ मारली आणि पुढे आखायला घेतलं. टेप ऑफिसात कुलपात होता, किल्ली सरांकडे. सामन्याला बोलावलेले पाहुणे आले होते, पोहे गार होत होते, मला हाका मारत होते. दोरी आखूड झालीय हे मला कळलं नाही? ज्याला तारेचा एक वेढा कमी पडला तर बोटांना कळतं, त्याला? कळलं. मी मनात म्हणालो — हातभर इकडंतिकडं, कोण बघतंय?

पहिल्या अर्ध्या वेळेत बसवराज बरोबर मापाच्या चौकटीत होता. दुसऱ्या अर्ध्यात टीमनं बाजू बदलली आणि तो माझ्या आखूड चौकटीत आला. बरोबरी चालली होती. लातूरचा एक जण एकटा सुटला. बसवराज निघाला. अकरा पावलं, खाली न बघता — आणि बॉल दोन्ही हातांत छातीशी. सगळं मैदान ओरडलं. रेफ्री धावत आला आणि त्यानं रेषेकडे बोट दाखवलं. बसवराजचे पाय फक्कीच्या बाहेर होते. लाल कार्ड. त्याच फ्री किकवर गोल. हरलो.

तो जागचा हलेना. रेफ्रीला नाही, त्यानं मला विचारलं. सगळ्यांच्या समोर. "दादा, माझी पावलं चुकत न्हाईत. फक्की तुम्ही मारली, तुम्हीच सांगा — मी आत होतो का न्हाई?"

काय अवघड होतं? रेफ्रीनं ऐकलंही नसतं, निकाल बदललाही नसता. पण बसवराजला तरी कळलं असतं. मी खाली बघितलं आणि म्हणालो, "रेष ती रेष असते, बसू." मागून कुणीतरी टोमणा मारला, नाचता येईना अंगण वाकडं. लोक हसले. अहो, अंगण खरंच वाकडं होतं! मीच वाकडं केलं होतं, आणि मीच त्या हसणाऱ्यांत उभा होतो.

तुम्ही म्हणाल, चूक कुणाचीही होते. थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, मी दुकानातला टेप घेऊन मैदानावर गेलो. माप घेतलं. पुन्हा घेतलं. दोन फूट कमी. खऱ्या मापानं बसवराज चांगला आत होता. मग मी काय केलं? सरांना फोन केला? नाही. चपलेनं फक्की पुसली. त्या बाजूची सगळी रेष, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घासून घासून मातीत मिळवली. ही चूक नव्हती. ही मी शुद्धीत, उजेडात केलेली गोष्ट आहे.

महिन्याभरानं लिंबाखाली यादी वाचली. पुढच्या मोसमाची स्वप्नं तेव्हाही अशीच रंगली होती — टीम तयार आहे, फक्त डोकं ठिकाणावर असलेला गोलकीपर हवा. बसवराजचं नाव आलं नाही. पद्धतीप्रमाणे त्यानं काही विचारलं नाही. चहाही घेतला नाही. हातमोजे माझ्यापाशी ठेवले, कारण सामान मी सांभाळतो, आणि लोह्याची एसटी धरली. घरी कप्तानपदाचं काय सांगितलं असेल? मी त्या दिवशी दोन कप चहा प्यालो. एक त्याचा होता.

नंतरची तीन वर्षं आमची कशी गेली ते सांगितलंच. दर वर्षी बैठकीत तेच पालुपद: बसवराजनं घात केला. आणि दर वर्षी मी मान हलवली. वड्याचं तेल वांग्यावर काढणारे खूप पाहिलेत मी, शिव्याही घातल्यात त्यांना. माझ्याइतका नामर्द त्यांच्यात एकही नव्हता.

गेल्या रविवारी हबीब सर आणि मी लातूरला गेलो, नवा गोलकीपर शोधायला. तिथं कुठल्याशा मैदानावर सामने चालू होते. एका टीमच्या गोलमध्ये बसवराज उभा होता. वजन वाढलंय. दुकान भावाला देऊन आता लातुरात एका खताच्या गोदामात कामाला आहे, असं शेजारच्यानं सांगितलं. त्यानं आम्हाला पाहिलं नाही. मी सरांना म्हणालो, ऊन लई आहे, निघू. सर म्हणाले, थांबा जरा.

थोड्या वेळानं समोरचा एकटा सुटला. माझी बोटं आपोआप वळली. मी मनात मोजायला लागलो — एक, दोन... बसवराज निघाला. चौथ्या पावलाला थांबला. बॉल समोरून येत होता, आणि तो मान खाली घालून जमिनीकडे बघत होता. रेष शोधत होता. रेष अजून खूप लांब होती. तो वर बघेपर्यंत बॉल जाळीत गेला होता.

"बघा," हबीब सर म्हणाले, "आपण काढला ते बरंच केलं."

मी म्हणालो, "हो."